इनास अंकलची पिशवी

आमच्या बिल्डिंगमधल्या इनास अंकलना त्यांचा फ्लॅट नंबर कधी विचारू नये. विचारलात तर उत्तर येतं, "बारा, कुणाचे तरी वाजले! झीरो, नवऱ्याचं पाकीट! सात, सप्तपदी, आमच्यात नाही, तुमच्यात!" पिझ्झा घेऊन आलेला नवा माणूस खाली इंटरकॉमपाशी तोंड उघडं ठेवून उभा राहतो. शेवटी वॉचमनच त्याची सुटका करतो. "ट्वेल्व्ह झीरो सेव्हन. जाओ भाई, अंकल का ऐसाच है."

दुबई सिलिकॉन ओएसिसमध्ये इंजिनिअर पैशाला पासरी मिळतात. हाऊझी पुकारणारा मात्र एकच. कुणी तिला तंबोला म्हणतात, वसईचे अंकल हाऊझी म्हणतात. खेळ सोपा. तिकिटावर पंधरा आकडे, पुकारणारा पिशवीतून एकेक नंबर काढतो, आपल्याकडे असला तर खोडायचा. ज्याचे पंधराच्या पंधरा आधी खोडून होतात तो "हाऊस!" म्हणून ओरडतो. चुकून ओरडला तर "बोगी", म्हणजे तो बाद. अंकल विसाव्या वर्षापासून हे पुकारतायत आणि आता एकसष्ट वर्षांचे आहेत. त्यामुळे आकडा दिसला की त्यांच्याच्याने गप्प बसवत नाही.

एकदा मी त्यांना व्हिसाच्या मेडिकल टेस्टला घेऊन गेले होते. टोकन पुकारणारा स्पीकर बंद होता आणि लोक एकमेकांच्या अंगावर चढत होते. अंकलनी पाच मिनिटं कळ काढली. मग उभे राहून खड्या आवाजात सुरू झाले, "छत्तीस! नवरा-बायको, पाठीला पाठ! काउंटर टू!" छत्तीस नंबरचे धिप्पाड पठाण निमूट उठून गेले. अर्ध्या तासात हॉल रिकामा. काउंटरवरच्या अरबी बाईंनी निघताना अंकलच्या हातावर खजूर ठेवले आणि पुढच्या आठवड्यात येणार का म्हणून विचारलं.

पासपोर्टवर त्यांचं नाव इग्नेशियस, पण वसईच्या वाडीत इग्नेशियसचा इनास होतो आणि तोच दुबईत आला. एकतीस वर्षं एका हॉटेलात बँक्वेट कॅप्टन. लग्नं, पार्ट्या, शेखांच्या मेजवान्या, सगळं पार पाडलेला माणूस. बायको फिलू तीन वर्षांपूर्वी गेली. मुलगी कॅनडात. आमच्या वरच्या मजल्यावर हॉटेलने स्टाफसाठी घेतलेल्या फ्लॅटमध्ये त्यांची एक खोली होती. महिन्याच्या पहिल्या शनिवारी संध्याकाळी ते पांढरा शर्ट आणि बँक्वेटचा काळा बो घालून खालच्या पार्टी हॉलमध्ये यायचे. हातात पिशवी. ही पिशवी चर्चच्या जुन्या पडद्याच्या मखमलीची, फिलूआंटीने शिवलेली. आत लाकडी सोंगट्या. पिशवी तीनदा हलवायची, वर बघायचं, मग हात घालायचा. यात कधी फरक नाही.

तिकीट फुकट, बक्षीस बिस्किटाचा पुडा. फुल हाऊसला बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा. पैशाचं नाव काढलं की अंकल भडकायचे. "पैसा लावला तर जुगार, बाय. बिस्किट लावलं तर सोशल वर्क."

आणि नियम कडक. एकदा सातव्या मजल्यावरच्या मिसेस नायर एका नंबरसाठी अडून बसल्या होत्या. "अंकल प्लीज, एक बार और हिलाओ ना." अंकल म्हणाले, "मॅडम, मेरी माँ भी बोले तो नहीं. नंबर इज नंबर." हे त्यांचं पालुपद. पगार वाढला नाही, नंबर इज नंबर. पासष्ट किलो वजन अडुसष्ट झालं, नंबर इज नंबर.

माझी मुलगी इरा अकरा वर्षांची आहे आणि तिला सगळ्याच्या नोंदी ठेवायची खोड आहे. तिने मला एकदा गंभीरपणे सांगितलं, "आई, ट्वेंटी-नाईन नेव्हर कम्स. आय हॅव चेक्ड." म्हणून ती एकोणतीस असलेलं तिकीट परत करून दुसरं घ्यायची. मी म्हटलं, तुझं आपलं काहीतरीच. अंकलना विचारलं तर म्हणाले, "येईल गो. इन्शाल्ला."

आता माझ्याबद्दल थोडं. मी एका आयटी कंपनीत एचआरला आहे. लोकांना गोड शब्दांत नाही म्हणायचं, हा माझा धंदा. पण खोटं मला साधत नाही. खोटं बोलले की माझे कान लाल होतात, आणि माझा नवरा समीर चारचौघांत ते दाखवून देतो. म्हणून मी सहसा खरंच बोलते आणि लोक मला फटकळ म्हणतात.

तर या फटकळ बाईकडे डिसेंबरात अंकल एक लिफाफा घेऊन आले. हॉटेलचं पत्र होतं. साठीनंतर त्यांना एकदा वर्षभर वाढवून मिळालं होतं, आता नाही. मार्चअखेर व्हिसा संपत होता. गंमत म्हणजे हाऊझीत साठ आला की त्यांची आरोळी असायची, "साठ, सिक्स झीरो, व्हिसा खलास!" सगळा हॉल हसायचा. स्वतःला साठ पूर्ण झाल्यापासून ते नुसतं "सिक्स झीरो, साठ" म्हणून पुढे जात.

"बाय, मला सीव्ही बनवून दे," अंकल म्हणाले. "रास अल खैमाला कॅसिनो उघडतोय. कॅसिनोत पुकारणारा लागणारच. माझ्याएवढा एक्सपीरियन्स कोणाला आहे?"

तिथेच सांगायला हवं होतं, की अंकल, कॅसिनोत हाऊझी पुकारणारा ठेवत नाहीत आणि एकसष्टाव्या वर्षी नवा व्हिसा मिळणं कठीण. माझं तर तेच काम. पण त्यांनी सोबत पासपोर्ट फोटो आणले होते, बो घालून काढलेले. मी सीव्ही बनवला. 'हाऊझी कॉलिंग, एक्केचाळीस वर्षं, तीन भाषांत' असं त्यात लिहिलंसुद्धा.

जानेवारीतल्या लाँग वीकेंडला आमची फुजैराला गाडीने जायची ट्रिप ठरली होती. अंकलनी अट घातली. "मी येतो. पण एक रात्र कॅसिनो सिटीला स्टॉप." तोपर्यंत रास अल खैमाला 'कॅसिनो सिटी' म्हणणारा माणूस आमच्या पाहण्यात नव्हता. समीर म्हणाला, जाऊ दे, समुद्र तर आहे. मी मनात ठरवलं, की गाडीत, शांतपणे, योग्य वेळ बघून सांगून टाकू.

गाडीत योग्य वेळ कुठली यायला? अंकल पुढच्या सीटवर, मांडीवर सीव्हीची फाईल, पायाशी पिशवी आणि बिस्किटांचा डबा. दिसेल त्या गाडीची नंबर प्लेट पुकारणं चालू. उम्म अल कुवैनला रस्त्याकडेला कडक चहा घेतला. समीरने सवयीने हिशेब केला, "दोन दिरहम, म्हणजे पन्नास रुपये एका चहाला!" लगेच अंकल, "पन्नास, ऑगस्टची दुपार!" चहावाल्या मल्याळी पोराला त्यांनी विचारलं, "भाई, कॅसिनो कैसा है?" तो म्हणाला, "अभी तो सिमेंट है, चाचा."

आणि खरोखरच सिमेंट होतं. समुद्रकाठी लांबच लांब पत्र्याचं कुंपण, वर क्रेन, ट्रकांची ये-जा. गेटवर एक नेपाळी गार्ड. अंकलनी गाडीतून उतरून बो नीट केला, केसांवरून पाणी फिरवलं, फाईल घेतली आणि लग्नाच्या हॉलमध्ये शिरावं तसे गेले. मी मागे.

गार्डचं नाव दिपेंद्र. पंचविशीचा असेल. त्याने फाईल दोन्ही हातांनी घेतली, बघितली आणि तितक्याच अदबीने परत दिली. "सर, इधर तो सिर्फ कन्स्ट्रक्शन है. ऑफिस नहीं है."

"कोई बात नहीं, हबीबी," अंकल म्हणाले. मग त्याची चौकशी सुरू. गाव कुठलं, घरी कोण. दिपेंद्र म्हणाला की आज त्याच्या मुलीचा वाढदिवस, पाच वर्षांची झाली, सकाळपासून फोन लागत नाहीये. "ड्युटी कब खलास?" अंकलनी विचारलं. चार वाजता. "फिर चार बजे के बाद आओ. सामनेवाला हॉटेल. हाऊझी है."

तो आत गेल्यावर अंकल माझ्याकडे वळले. ऊन चांगलंच लागत होतं.

"बाय, तू एचआर. खरं सांग. चान्स आहे की नाय?"

मी म्हटलं, "नाही, अंकल. इथे नाही, दुसरीकडेही नाही. मी आधीच सांगायला हवं होतं. माझी चूक झाली."

"खलास?"

"खलास."

ते थोडा वेळ क्रेनकडे बघत राहिले. "नंबर इज नंबर," म्हणाले, पण आवाजात दम नव्हता.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "अंकल, घर आहे ना वसईला. विहीर आहे, केळी आहेत. एवढी वर्षं राबलात, आता आराम करा."

"घराचं काय नाय गो. एकटा मी इकडेपण आहेच." त्यांनी फाईल काखेत मारली. "पण सण येतो ना, आमच्या चर्चचा. सणाला मैदानात हाऊझी होते. मला पुकारायला लावतील. सोडणार नाय कोण."

ज्या माणसाने मेडिकल सेंटरमध्ये टोकन पुकारले, त्याला आपल्या गावात, आपल्या माणसांत पुकारायची भीती? मला काही उलगडा होईना. विचारायचा धीरही झाला नाही. फिलूआंटी गेल्यावर ते एकदाही सणाला गेले नव्हते, एवढं मला माहीत होतं. त्याआधी एकही वर्ष चुकवलं नव्हतं.

हॉटेल साधंच होतं, पण मागे हिरवळ आणि पुढे समुद्र. साडेचारला अंकलनी हिरवळीवर टेबल लावलं. दिपेंद्र आंघोळ करून, भांग पाडून आला. अंकलच्या चेहऱ्यावर दुपारचं काही शिल्लक नव्हतं. पिशवी तीनदा हलली. "दहा, देवाच्या आज्ञा! छप्पन, असे पाहिलेत! त्रेसष्ट, झाला समेट!"

मी त्यांच्या शेजारी बसले होते. अंकलनी हात घालून सोंगटी काढली आणि ती माझ्या बाजूला वळलेली होती. त्रेचाळीस, स्वच्छ दिसला. अंकल म्हणाले, "अठरा! व्होटिंग कार्ड आलं!"

मी डोळे चोळले. त्रेचाळीस गुपचूप पिशवीत परत गेला. पुढची सोंगटी सात. अंकल म्हणाले, "सत्तर!" समोर दिपेंद्र खोडत होता. अंकलची नजर त्याच्या तिकिटावर, उलट्या बाजूने वाचत. बँक्वेट कॅप्टनची नजर ती, दहा टेबलं पलीकडचा रिकामा ग्लास हेरणारी.

"हाऊस!" दिपेंद्र ओरडला आणि स्वतःच लाजला. अंकलनी डबा त्याच्या हातात दिला. "बेटी का बर्थडे, बेटी का लक. फोटो भेजो उसको." दिपेंद्रने डबा छातीशी धरून फोटो काढला. त्याचवेळी फोन लागला, आणि तो बोलत बोलत समुद्राकडे गेला.

मी मनात मागचे शनिवार आठवत बसले. ज्या महिन्यात समीरची नोकरी गेली, तेव्हा फुल हाऊस आमचं. मिसेस नायर ऑपरेशन होऊन आल्या, तेव्हा त्यांचं. आणि वर तोंड करून नंबर इज नंबर! हा गृहस्थ आम्हाला तीन वर्षं बिनदिक्कत फसवत होता. मला त्यांचा इतका राग आला आणि इतकी माया वाटली, की दोन्हींचं काय करावं ते कळेना.

मी उठले. "अंकल, पिशवी द्या. आता मी पुकारणार, तुम्ही खेळायचं."

"छे! पुकारणारा खेळत नाय."

"कधीच नाही खेळलात?"

"एक्केचाळीस वर्षांत नाय."

"मग आज खेळा. नाहीतर मी सगळ्यांना सांगेन त्रेचाळीस कुठे गेला ते."

अंकलनी माझ्याकडे बघितलं, चोरी पकडलेल्या पोरासारखं. मग मुकाट बो काढून माझ्या कुर्त्याला लावला. इराने नेहमीप्रमाणे एक तिकीट नाकारून परत दिलं होतं. तेच त्यांनी उचललं.

मी पिशवी तीनदा हलवली, वर बघितलं, हात घातला आणि आयुष्यात पहिल्यांदा ठरवून लबाडी सुरू केली. अंकलचं तिकीट शेजारीच होतं. निघाला नव्वद, मी म्हटलं चार. निघाला एकतीस, मी म्हटलं बावन्न. पण लबाडीलाही अक्कल लागते. लागोपाठ सहा नंबर अंकलचेच आले तेव्हा समीरने भुवया वर केल्या. मग मी मधेमधे खरे नंबर पेरले. माझे कान तापले होते. अंकल मान खाली घालून, जीभ दातांत धरून, शाळेतल्या मुलाच्या तन्मयतेने खोडत होते. एकदा म्हणालेसुद्धा, "मजा येते गो ह्यात!" एक्केचाळीस वर्षं लोकांना खेळवणाऱ्या माणसाचं हे वाक्य ऐकून मला रडू यायला लागलं.

एकच आकडा उरला. मी हात घातला, सोंगटी काढली आणि बघितलंही नाही. म्हटलं, "एकोणतीस!"

इराने झटकन वर पाहिलं. "ट्वेंटी-नाईन? आई, रिअली?"

अंकलची पेन्सिल थांबली होती. ते ओरडले नाहीत. जरा वेळाने हलकेच म्हणाले, "बाय, नंबर दाखव."

नियमच आहे तो. मी मूठ उघडली. एक्क्याऐंशी.

अंकलनी शर्टाच्या खिशातून पाकीट काढलं. पाकिटातून एक लाकडी सोंगटी काढली आणि तिकिटावर, रिकाम्या एकोणतीसवर ठेवली. ती बोटांनी घासून गुळगुळीत झाली होती.

"तीन वर्षं हा माझ्याकडे आहे," ते म्हणाले. "पिशवीत कुठून येणार?"

मग त्यांनी सांगितलं, माझ्याकडे न बघता, सोंगटीकडे बघत.

"शेवटच्या सणाला फिलू पहिल्या रांगेत बसलेली. एकच नंबर राहिलेला तिचा. बोटं दाखवत होती मला, दोन आणि नऊ. मला दिसत होतं. मी हात घातला, चौऱ्याहत्तर आला. पुकारला. खालच्या वाडीतल्या बाईला हाऊस गेला. कुकर होता बक्षीस. मग मी सहज पुढचा काढून बघितला, तर हा. फिलू घरापर्यंत बोलली नाय. झोपताना म्हणाली, अडतीस वर्षं नंबर काढतोस, मला एक दिला नाय. मी म्हटलं, नंबर इज नंबर. चार दिवसांनी मी इकडे आलो. दोन महिन्यांनी ती गेली, हार्टने." त्यांनी सोंगटीवर बोट ठेवलं. "कुकर मी दहा आणले असते, बाय. तिला कुकर नको होता. तिला माझ्याकडून नंबर पाहिजे होता. तेवढा एक नंबर खोटा पुकारला असता तर कोणाच्या बापाचं काय जात होतं?"

सणाला न जाण्याचं कारण मला आत्ता कळलं. त्या मैदानात, त्याच स्टेजवर, समोरची पहिली रांग. मी त्यांचा हात धरला. ते धरू देतात का, असा विचारसुद्धा मनात आला नाही.

इराने बारीक आवाजात विचारलं, "सो इज इट हाऊस, ऑर बोगी?"

अंकलनी डोळे पुसले आणि एकदम कॅप्टनच्या आवाजात म्हणाले, "बोगी! हंड्रेड पर्सेंट बोगी. तुझी आई एक नंबरची चोर आहे." मग माझ्याकडे वळून, "पण तू दिलास गो. मला आजपर्यंत कोणी दिला नव्हता."

त्यांनी तिकिटाची घडी घालून पाकिटात ठेवली, सोंगटीच्या जागी. सोंगटी हातात घेऊन बराच वेळ बसले. मग माझ्या हातातल्या पिशवीचं तोंड उघडलं, एकोणतीस आत टाकला आणि पिशवी हलवली. एकदा, दोनदा, तीनदा. "यल्ला," म्हणाले, "नवीन गेम."

मार्चअखेर अंकल गेले. एअरपोर्टवर सामान वजनात चार किलो जास्त भरलं, नंबर इज नंबर म्हणत त्यांनी बिस्किटांचे पुडे काढून आम्हाला दिले. पिशवी मात्र हातात होती.

एप्रिलमधल्या एका रविवारी त्यांचा व्हॉइस मेसेज आला. मी आणि इरा स्वयंपाकघरात उभ्या राहून ऐकत होतो. मागे बँड, पोरांचा गलका, कुणीतरी माईकचा आवाज वाढवा म्हणून ओरडत होतं. मग अंकलचा खणखणीत आवाज, "टू अँड नाईन, एकोणतीस!" आणि ते थांबले. त्यांच्या प्रत्येक आकड्याला पुढे काहीतरी असतं, त्यामुळे सगळं मैदान वाट बघत असणार.

"घे गो," अंकल म्हणाले. एवढंच, आणि आवाज जरासा चिरकला.

लगेच कुठल्यातरी बाईने "हाऊस!" म्हणून किंकाळी फोडली, टाळ्या झाल्या आणि मेसेज संपला.

इरा म्हणाली, "आई, डिड इट रिअली कम? ऑर डिड ही जस्ट से इट?"

"खरंच आला असणार," मी म्हटलं. "नंबर इज नंबर."

इरा माझ्या कानांकडे बघत होती.